प्लास्टरवाला रोबो

बांधकामाच्या साईटवर सिमेंट संपते, किस्से संपत नाहीत. शेठनं पांढुर्ण्याच्या साईटवर प्लास्टर करणारा रोबो भाड्यानं आणला, तेव्हापासून तर मी जेवायला बसलो की बायकोच विचारते, "आज काय केलं त्यानं?"

मी तिथला सुपरवायझर. शेठनं ठरवलं होतं, पोळ्याच्या दिवशी ट्रायल. एकट्या रोबोनं हॉलची भिंत करून दाखवली तर तो विकत घ्यायचा, अन् रामाकोन्याच्या विठ्ठल मिस्त्रीची अख्खी टोळी घरी! नाही जमलं तर संध्याकाळी रोबो नागपूरला परत. विठ्ठलभाऊ या साईटींवरच म्हातारे झालेले.

* * *

पहिल्या दिवशी रोबो हलेचना. माणूस समोर आला की थांबायचं, असं त्याला शिकवलेलं. अन् इकडे अर्धा बाजार त्याच्यासमोर उभा!

रोबोसोबत आलेला इंजिनिअर ओरडला, "मागे सरका!"

गर्दीतली एक आजी म्हणे, "तूच सरक न बाप्पा, आम्हाले दिसून नाही राहिलं!"

* * *

मग नजर लागू नये म्हणून शेठनं त्याच्या कॅमेऱ्यापुढे लिंबू-मिरची टांगली. झालं! स्क्रीनवर मेसेज, "समोर अडथळा." इंजिनिअर ते काढायला गेला तर शेठच ओरडले, "हात नको लावू बे! शनिवारपर्यंत राहू दे!"

* * *

एकदा मात्र त्यानं बेडरूमची भिंत अशी गुळगुळीत केली की स्विचचे डबेही लिंपून टाकले. इलेक्ट्रिशियन भिंतीला कान लावून ठोकून राहिला होता.

विठ्ठलभाऊ म्हणाले, "डॉक्टर, वाचते का पेशंट?"

* * *

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात. विठ्ठलभाऊ वाटी घेऊन साईटवर आले अन् रोबोचा हात वरपासून खालपर्यंत माखला. कॅमेऱ्यालाही सोडलं नाही. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," म्हणाले. मी पाहून राहिलो होतो. मग गेटला कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी शेठ आले. इंजिनिअरनं बटण दाबलं. स्क्रीन सगळी पिवळी, रोबोला भिंतच दिसेना! पुसलं तर तूप आणखी पसरलं.

शेठ लालबुंद. "मिस्त्री, हे काय करून ठेवलं?"

विठ्ठलभाऊंनी नवा सदरा घातलेला. त्यांनी पुरणपोळीचं ताट रोबोपुढे ठेवलं अन् हात जोडले.

"शेठ, आज पोळा हाय. आज कोणी कामाले जुंपते का?"

शेठ मूळ लोधीखेड्याचे. घरी बैलजोडी. त्यांनी ताटाकडे पाहिलं, रोबोकडे पाहिलं, चपला काढल्या अन् इंजिनिअरला म्हणाले, "बंद कर बे ते. अन् तूही जेवाले बस."