मगनचा ‘हं’

मगनला आपण ओळखत होतो, असं म्हणायला रूपचंदआप्पांची जीभ रेटत नाही. समोरासमोर घरं, बसायचा बाक एक, तरी त्याच्या मनात काय चालायचं ते आप्पांना कधी कळलं नाही. बोटं गेली तेव्हा तो रडला की नाही, हेसुद्धा नाही. त्यांना ठाऊक होतं ते वरवरचं. मगन हत्यार वापरून झालं की सदऱ्याच्या टोकाला पुसायचा. मोटरशी माणसासारखा बोलायचा, माणसांशी मात्र कामापुरता. आणि बोल्ट पुरता कसला गेला की शेवटचा आटा देताना नाकातून ‘हं’ करायचा.

सारंगखेड्यात घराला लागूनच मगनचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर असो की पाठीवरचा फवारणी पंप, केळीवाले त्याच्याकडेच यायचे. मग कडबाकुट्टीच्या यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. हात बरा झाला तरी मगन तो खिशातून काढेना. कोणी पंप घेऊन आलं तर “दुसरीकडे जा” म्हणायचा. त्याची बायको शांतीबाई रोज डिवचायची, “दुकान उघडतस का, मी तठे कोंबड्या पाळू?” मगन आप्पांच्या बाकावर येऊन बसायचा. आप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, स्वभावाने भिडस्त. दोघं रस्त्याकडे बघत बसायचे.

घोड्यांच्या यात्रेला थोडेच दिवस उरले असताना धडगावचा सुरुपसिंग जीप घेऊन आला. दर यात्रेत त्याचा नेमबाजीचा स्टॉल असतो. त्याने पोतं ओट्यावर ओतलं तशी शांतीबाई ओरडली, “ओ माय वं! बंदुका!”

“खेळण्यातल्या आहेत, वहिनी,” सुरुपसिंग हसला. “एअरसॉफ्ट म्हणतात. बॅटरीवर चालतात, प्लास्टिकची गोळी उडते. डबा पडतो, माणूस नाही पडत.”

अडचण मुठीची होती. रायफलींच्या मूळच्या मुठी जाड, बायका-मुलांची बोटं ट्रिगरपर्यंत पोचत नव्हती. म्हणून सुरुपसिंगने दिल्लीहून बारीक मुठी मागवल्या होत्या. पण या रायफलींची मोटरच मुठीत उभी बसलेली असते. मूठ बदलली की मोटर नव्याने बसवावी लागते.

“मोटर म्हणजे तुझं काम, मगनभाऊ. यात्रेत नीट चालल्या, तर नवापूरला हायवेवर माझं मोठं मैदान होतंय. सुरतची पोरं खेळायला येतील. तिथली सगळी दुरुस्ती तुझी.”

“आणि नही चालन्यात तं?”

“तर सुरतेत कारागीर पडलेत.”

मगनने उजव्या हाताने एक रायफल उचलून तिची मूठ चाचपली. मग खिशातला हात बाहेर काढून शटर वर केलं. आतून उंदीर पळाला. शांतीबाई झाडू घेऊन धावली, आणि तिने पदराने डोळे पुसल्याचं आप्पांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मुठी बसल्या झकास. पण दोन दिवसांनी सुरुपसिंगने येऊन पहिली रायफल चालवून बघितली, तर ती किंचाळली. मूठ तापली, जळका वास सुटला.

“हाई बंदूक शे का डास?” शांतीबाई म्हणाली, पण कोणी हसलं नाही.

“मगनभाऊ, यात्रा तोंडावर आली,” एवढंच बोलून सुरुपसिंग निघून गेला.

मगनने डावा हात डोळ्यांसमोर धरला. “हातच गया, आप्पा. आते जमाव नही.”

आप्पांना काही सांगायचं होतं. पण आपल्याला मोटरीतलं काय कळतं, चुकलो तर? तरी शेवटी ते बोलले.

“मगन, हसू नको. पण माले वाटस, हात नही चुकना.”

“मंग काय चुकनं?”

“तू ‘हं’ करस ना, तेच.”

मगनने दुसरी एक रायफल उलटी केली. मुठीच्या बुडाशी बारीक स्क्रू होता, तो फिरवला की मोटर वर सरकते आणि तिचे दाते वरच्या चाकात बसतात. सैल राहिली तर दाते घसरतात, फार वर गेली तर रगडतात. मगनने आयुष्यभर पंप कसलेले. पंपाचा बोल्ट सैल राहिला तर मोटर जागची हलते, म्हणून त्याचा हात शेवटच्या आट्याशिवाय थांबतच नव्हता. इथेही त्याने ‘हं’ केलं होतं.

“सालं!” मगन मोठ्याने हसला. बोटं गेल्यापासून आप्पांनी ते हसणं ऐकलं नव्हतं.

पण रायफल धरायची, ट्रिगर दाबायचा आणि त्याच वेळी स्क्रू फिरवायचा, याला दोन धड हातही पुरले नसते. मगनने रायफल काखेत घेतली. “आप्पा, घोडा दाबा.”

“मन्हा हात थरथरस रे.”

“थरथरू द्या. निस्ता दाबी धरा.”

यात्रेत जुने लोक घोडा घेताना पाठ फिरवून डोळे मिटतात आणि घोडा कठीण जमिनीवर चालवायला सांगतात. चारी टापा सारख्या वाजल्या तर पाय धड. मगननेही तसेच डोळे मिटले. आप्पांनी ट्रिगर दाबला. स्क्रू थोडा मागे, आवाज खरखरला. थोडा पुढे, किंचाळी. पुन्हा केसभर मागे. आणि एकदम खट्‌खट्‌खट्‌, सरळ रस्त्यावरून दौडत निघाल्यासारखा आवाज आला.

“थांब आते, तठेच थांब,” मगन मोटरला म्हणाला. ‘हं’ केलं नाही.

पहिलीची जळलेली मोटर बदलून ती आणि बाकीच्या रायफली दोघांनी अशाच लावल्या. यात्रेच्या पहिल्या दिवशी स्टॉलवर गर्दी लोटली. शांतीबाईने पाच डबे पाडले आणि सहाव्यासाठी मगनशी भांडली. सुरुपसिंगने एकेका मुठीवर हात ठेवून बघितला. एकही तापली नव्हती. “मगनभाऊ, सामान बांध,” तो म्हणाला.

यात्रा उठली तशी जीप दाराशी आली. शांतीबाई मागे सामानाशी बसली, मगन पुढे, डावा हात खिडकीबाहेर, सगळ्यांना दिसेल असा. आप्पांना पुष्कळ बोलायचं होतं. नेमकं काय, ते आजही त्यांना सांगता येत नाही. त्यानंतर दोघांची गाठ पडलेली नाही. नवापूरला काम जोरात आहे, असं शांतीबाई फोनवर सांगते.

“दुकाननी किल्ली?” त्या दिवशी जीपच्या खिडकीशी आप्पांनी विचारलं.

“तुमनाकडेच ऱ्हाऊ द्या. बाक तेवढा दुकानमा ठेवज्यात. पाणी उनं तं सडी जाई.”

“ठेवसू.”

“चला, येस मी.”

“हां. जीपना दरवाजा नीट लाव.”