न पाहिलेली माटोळी

सर्वधर्म संवाद मेळाव्यात मला हिंदूंची प्रतिनिधी म्हणून व्यासपीठावर बसवलं, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की हिंदू म्हणून बसायचं म्हणजे नेमकं कसं बसायचं. डिचोलीजवळच्या आमच्या गावात मी मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. लोक मला टीचर म्हणून ओळखतात. त्या दिवशी मात्र माझ्या छातीवर ‘हिंदू’ असा कागदी बिल्ला लावला होता आणि तो सारखा पदरात अडकत होता.

मेळाव्याचं कारण असं, की त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्याशा तालुक्यात कुणीतरी कुणाच्या तरी देवाबद्दल काहीतरी बोललं होतं. काय बोललं ते आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोबाइलवर सगळे रागावले होते. मग पणजीहून शांततेसाठी काम करणारी मंडळी आली आणि पंचायतीच्या सभागृहात त्यांनी खुर्च्या मांडल्या.

ख्रिस्ती प्रतिनिधी कोण, तर माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण, आणि त्यालाही येण्याजाण्याने भगदाड पडलेलं. ती मला टीचर म्हणते, मी तिला बाय म्हणते. सकाळी मी देवपूजेत असते, म्हणून दारावर येणाऱ्या पाववाल्या पोदेराकडून माझे उंडे, म्हणजे पावही तीच घेते आणि मागच्या दाराने आत येऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवते. विचारणं नाही, दार वाजवणं नाही. तर त्या दिवशी तिच्या छातीवर ‘ख्रिस्ती’, माझ्या छातीवर ‘हिंदू’ आणि आम्हा दोघींच्या मध्ये ‘मुस्लिम’ बिल्ला लावलेला बाजारातला शिंपी. तो माझा जुना विद्यार्थी. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “टीचर, मी काय बोलू?” मी म्हटलं, “मला विचारू नको. मी आज टीचर नाही.”

आधी मी बोलले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने कसे नांदतो ते सांगितलं. माझं आवडतं उदाहरणही दिलं. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात, म्हणजे लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, वेली बांधायच्या. त्या माटोळीला सुपारीचा घड येतो तो या बायच्या परसातल्या पोफळीचा. माझ्या लग्नापासून एकही चवथ चुकली नाही. टाळ्या पडल्या. एकाने तर फोटोही काढला. मी खूश होऊन खाली बसले.

मग बायचा नंबर आला. तिने माइक दोन्ही हातांनी धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सुपारी हांव दर वर्सा दितां, तें खरें. पूण माटोळी कशी दिसता, ती हांवें केन्नाच पळोवंक ना.” एवढंच बोलली. मग “राग नाका हां, टीचर,” असं पुटपुटून बसली.

आयोजकांपैकी एक तरुण बाई होती, तिचे डोळेच भरून आले. “हाच खरा संवाद!” असं म्हणून तिने टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. कशासाठी ते मला कळत नव्हतं. शिंप्याने उठून सांगितलं की दोन्ही घरांचे पडदे तो शिवतो, आणि त्याला आणखी काही म्हणायचं नाही. मग चहा आणि सामोसे झाले.

घरी आम्ही दोघी एकाच रिक्षातून आलो. पावसाबद्दल बोललो, सामोशाबद्दल बोललो. तिच्या मनात काय होतं कोण जाणे. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला होता.

खरंच, तिने माटोळी कधी पाहिली नव्हती? आठवून बघितलं. आमचा गणपती आतल्या देवाच्या खोलीत बसतो. बाय आदल्या दिवशी घड घेऊन मागच्या दारी येते, ओट्यापाशी उभी राहून माझ्या हातात देते आणि जाते. चवथीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन मीच तिच्याकडे जाते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांचं सोवळं कडक होतं, पण त्यांनी तिला ‘येऊ नको’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘ये’ म्हटल्याचंही आठवत नाही. त्या गेल्यावर मी तरी कुठे म्हटलं? पण मी अडवलंही नाही. जी बाई माझ्या स्वयंपाकघरात डबे उघडून साखर घेते, तिला देवाच्या खोलीत यायला आमंत्रण लागतं असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. की आलं होतं आणि मी तिकडे बघितलं नाही? मला काही उलगडेना. आधी तिचा राग आला. चारचौघांत माइकवर सांगायची काय गरज होती, ओट्यापाशी सांगायचं! मग वाटलं, ओट्यापाशी मी ऐकलं असतं का?

आमच्या ह्यांना विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, “बोलव तिला या खेपेला. त्यात काय?”

त्यात काय म्हणे! आता बोलवलं तर ती म्हणणार, माइकवर बोलले म्हणून बोलवलं. नाही बोलवलं, तर बोलली ते खरंच ठरलं. दोन्हीकडून मीच पेचात. पुरुषांना हे कळत नाही, कारण त्यांचं कुणाच्या मागच्या दाराशी काही अडत नाही.

आणि मेळाव्यानंतर बायही बदलली. दुसऱ्याच दिवशी पोदेर आमच्या फाटकाशी येऊन भोंगा वाजवायला लागला. तिने त्याला सांगितलं होतं म्हणे, टीचरचे उंडे टीचरलाच दे. कुंपणाच्या भगदाडातून येणं बंद झालं. रस्त्यात भेटली की हसायची, पण पाहुण्याकडे बघून हसावं तसं. आयोजकांनी आम्हाला शिकवलं होतं, समोरच्याला गृहीत धरू नका, त्याचा आदर करा. ती माझा आदर करायला लागली होती. मला तो आदर सोसेना. एका संध्याकाळी ओट्याकडे बघून मला चक्क रडू आलं.

चवथीच्या आदल्या दिवशी हे बाजारात गेले होते. मी देवाच्या खोलीत स्टुलावर चढून माटोळीला कांगलांची रानफळं बांधत होते. दर वर्षी जिथे सुपारी बांधते ती मधली जागा मोकळी सोडली होती. मनात म्हटलं, या वर्षी ती तशीच राहणार.

एवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली.

दार उघडलं तर बाय. चपला पायरीच्या खाली काढलेल्या, हातात सुपारीचा भला मोठा घड. म्हणाली, “भितर येऊं, टीचर?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “बेल कित्याक वाजयता गे? मागलें दार मोडलें काय?”

तिने घड पुढे केला. मी तिच्या हातातला घड घेतला, तर तो एवढा जड की माझा हातच खाली गेला. मी म्हटलं, “यो. देवाच्या कुडींत यो. घड बांदूया.”

ती हलली नाही. मला ज्याची धास्ती होती तेच तिने विचारलं, “त्या दिसा हांव उलयलें म्हूण आपयता म्हाका?”

खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “म्हाका कळना गे, बाय. पूण घड जड आसा, आनी म्हज्या एकटेच्यान बांदूंक जायना.”

 तिने फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढून उलगडला आणि इगर्जीत प्रार्थनेला जाताना घेते तसा डोक्यावर घेतला. माझ्या मागून ती ओसरीतून आत आली, मधली खोली ओलांडली आणि देवाच्या खोलीत येऊन उभी राहिली. मी स्टुलावर चढले. तिने दोन्ही हातांनी घड वर उचलून धरला आणि मान वर करून माटोळी बघितली. मग त्या इवल्याशा खोलीच्या चारही भिंतींकडे बघितलं.

“एदीशीच कूड गे ही?” ती म्हणाली. “इतलीं वर्सां म्हाका दिसतालें, खूब व्हड आसतली.”

मी दोरीची गाठ मारत होते. गाठ काही केल्या बसेना.