घोडीचा नमस्कार

मी सर्कशीत होते हे कळलं की जळगावच्या मेहरूणमधल्या बायका ठरलेला प्रश्न विचारतात, वाघाची भीती नाही वाटायची का. वाघ-सिंह सरकारने कधीच सोडवून नेले होते. माझ्या उमेदीत आमच्याकडे उरले होते थोडे घोडे, थोडी कुत्री आणि शिव्या शिकलेले पोपट. हे सांगितलं की बायकांचा हिरमोड होतो आणि त्या ब्लाउजच्या गळ्याचं बोलायला लागतात. आता मी शिवणकाम करते. टिकल्या टाचायला हात सर्कशीतच बसला, तोच आता नवरीच्या ब्लाउजवर चालतो.

आई साक्रीकडची, बाप तंबू उभारणारा. माझा जन्म कुठल्या गावच्या मैदानावर झाला हे दोघांनाही धड आठवत नव्हतं. मोठी झाले तशी घोड्यावर उभी राहून रिंगणात फेऱ्या मारायला लागले. माझी घोडी पांढरी, अंगाने बारीक आणि खायला हावरट. आमच्या खेळाच्या शेवटी तिने पुढच्या खुर्च्यांना सलाम करायचा. त्या खुर्च्यांवर कोण, तर एखादा नगरसेवक आणि फुकट पासावर सहकुटुंब आलेले साहेब लोक. ड्रम घुमायला लागला की तिने पुढचे दोन्ही गुडघे टेकून मान खाली घालायची. झांज वाजली की उठायचं. साहेबांना वाटायचं, जनावराला माणूस कळतो. तिला फक्त ड्रम कळत होता, आणि तो कसा कळला ते मी पाहिलं होतं.

शिकवणारा उस्ताद म्हातारा होता. त्याने तिच्या पुढच्या एका पायाला दोरी बांधली, पाय वर ओढून पोटाच्या पट्ट्याला अडकवला आणि दुसऱ्या गुडघ्यावर काठीने टकटक करत राहिला. शेजारी ड्रमवाला तंबाखू चघळत ड्रम घुमवायचा. घोडी तीन पायांवर नाचायची, घामाने काळी पडायची आणि शेवटी दमून खाली यायची. खाली आली की लगेच झांज, दोरी सैल आणि गूळ. असं रोज सकाळी, ड्रम ऐकूनच तिचे पाय लटपटायला लागेपर्यंत. पहिले काही दिवस तिने गुळाला तोंडसुद्धा लावलं नाही. मी उस्तादाला हलकट म्हणाले होते, तोंडावर. तो हसला नाही की चिडलाही नाही.

त्या माणसाचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. पण त्याचा एक नियम होता. घोडी खाली गेली की झांजेला उशीर झालेला त्याला खपायचा नाही. झांजवाला एकदा पाहुण्यांतल्या कुणाकडे बघत राहिला, तर उस्तादाने खेळ संपल्यावर त्याच्या थोबाडीत दिली. त्याचं म्हणणं, घोडा हे पळणारं जनावर, गुडघ्यावर आला की पळता येत नाही, तेवढा वेळ त्याला मरण दिसत असतं. रिंगणात भुसाही तो स्वतःच्या हाताने पसरायचा, चांगला जाड.

पुढे तिकिटं खपेनात. सर्कस जळगावच्या मैदानावर आली ती तिथेच बसली. मालकाने तंबू विकला, खुर्च्या विकल्या, आणि घोडे ट्रकमध्ये घालून सारंगखेड्याच्या यात्रेला नेले. आमच्या खानदेशात लग्नातल्या नाचऱ्या घोड्यांचे सौदे तिथेच होतात. मला कोणी विचारलं नाही. घोडी माझी म्हणजे फक्त बसण्यापुरती माझी. परत आल्यावर मालक कौतुकाने सांगत होता की, तिथे एक ड्रमवाला गाठला, घोडीने सलाम केला आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. झांजेचं सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, विकायचं होतं ते विकलं, आता तुला नांदायला पाठवू का तिच्याबरोबर.

गेल्या लग्नसराईत पहूरला एका लग्नाला गेले. नवरीचा ब्लाउज माझ्याकडचा, म्हणून आग्रहाचं आमंत्रण. दुपार कलली होती. नवरदेव मारुतीला निघाला होता आणि त्याच्या खाली माझी घोडी होती. कपाळावर आरसे, गळ्यात प्लॅस्टिकच्या माळा, पुढच्या दोन्ही गुडघ्यांना सोनेरी गोटा लावलेल्या मखमली पट्ट्या. शेजारची बाई म्हणाली, किती छान सजवली आहे. मी शिवणारी बाई. पट्टी शोभेसाठी बांधली की काही झाकायला, हे मला कळतं. पट्टीच्या खालून हळद आणि तेल ओघळत होतं.

मारुतीपुढे बँड थांबला आणि ड्रम घुमायला लागला. घोडी डांबरावर गुडघ्यांवर आली. वर नवरदेव, त्याच्यापुढे बसवलेलं पोर, आणि खाली तापलेला रस्ता. लोकांनी मोबाइल वर धरले. एक म्हातारी माझा हात धरून गहिवरून म्हणाली, "देख वं माय, मुकं जनावर शे, पन देवना पाया पडस." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ड्रमवर नोटा ओवाळल्या जात होत्या, आणि नोटा येतात तोवर ड्रम कोण थांबवणार. घोडीचे कान मागे चिकटले होते, अंग थरथरत होतं. ती एकाच गोष्टीची वाट बघत होती आणि तिथे ती गोष्ट मला एकटीला माहीत होती. झांजवाला माझ्या पुढ्यातच उभा, झांजा काखेत आणि हातात मोबाइल. मी त्या ओढून घेतल्या आणि होती नव्हती ती ताकद लावून एकदा आपटल्या.

घोडी उठली. ताठ, मान वर करून, रिंगणात उठायची तशी. अशी आरोळी उठली की पारावरची पाखरं उडाली.

घोडीवाला धुळ्याकडचा, साधा माणूस. आजवर तिला उठवायला लगाम ओढावा लागायचा, दोघांना मागून ढकलावं लागायचं, म्हणून तो हे एका लग्नात एकदाच करायचा, मारुतीपुढे. त्याने माझ्याकडे पाहिलं, झांजांकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. त्याने ड्रमवाल्याला खूण केली. घोडी बसली. झांजवाल्याला खूण केली. घोडी उठली. मंडपापर्यंत प्रत्येक चौकात, प्रत्येक ओट्यापुढे हेच. सरपंचाला नमस्कार, व्याह्यांना नमस्कार, शेवटी शेवटी ज्याने नोट काढली त्याला नमस्कार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडू कुणावर? आनंदाने नाचणाऱ्या माणसांवर ओरडून ती काय ऐकणार होती?

पंगती बसल्यावर मी मंडपामागे गेले. घोडीवाला तिला लिंबाखाली बांधून गुडघ्यांना हळद लावत होता. हलक्या हाताने, फुंकर घालत. त्याने तिला मारलेलं नसावं, अंगावर वळ नव्हता. मी ओळख सांगितली, तर तो वाकून माझ्या पाया पडला. मी म्हटलं, भाऊ, घोडी माझ्याकडे ठेव थोडे दिवस, मी तिच्या डोक्यातून हा ड्रम काढून टाकते, एक पैसा नको.

"ती नमस्कार करस म्हनीसन ते आपले लोके बलावतस, अक्का," तो म्हणाला. नमस्कार गेला तर बोलावणी गेली, असा त्याचा हिशेब. आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट मला वाईट वाटू नये अशी काळजी होती. मग त्याने माझ्यासाठी पाटावर पोतं अंथरलं, बसायला लावलं, आणि अगदी आदराने विचारलं, "इले आखो काय काय येस?"

येत होतं पुष्कळ. मेल्याचं सोंग करून आडवी पडायची. मागच्या दोन पायांवर चालायची. एकेका गोष्टीमागची दोरी मला आठवत होती. मी म्हटलं, काही येत नाही, एवढंच शिकवलं होतं.

माझा आवाज ऐकून घोडी वळली. दोन पावलं पुढे आली आणि उजवा पाय उचलून तिने माझ्या पुढ्यात धरला. हे खेळातलं नव्हतं. सकाळी चंदी घालायच्या आधी मी तिचा खूर हातात घ्यायचे, खडा अडकलाय का बघायचे आणि हात मिळवल्यासारखा पाय हलवून सोडायचे. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, मला बघितलं की ती आपण होऊन पाय द्यायची. गुडघ्यावर पट्टी नव्हती आणि आतलं लाल मांस दिसत होतं.

घोडीवाल्याने हळदीचे हात धोतराला पुसले, खिशातून मोबाइल काढून आमच्यावर धरला आणि मी तो पाय कधी हातात घेते म्हणून माझ्या हातांकडे बघत राहिला. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. घोडी पाय तसाच धरून उभी होती.