सगळ्यांचं गाऱ्हाणं एका आवाजात

मला कॉलेजात नेऊन बसवलं ते सुमेधनं. पुढचं सांगायच्या आधी हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर माझ्या कृतज्ञतेवर कुणाचा विश्वास बसेल असं वाटत नाही.

मी नववीतून शाळा सोडलेला. आईवडील ऊसतोडीला गेले, त्यांच्यामागं मीही गेलो, तो परत शाळेत आलोच नाही. पुढं परळीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. सुमेध समोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. एकदा त्याचा फोन दुरुस्त करत होतो, तर माझ्या बोटांकडं बघत म्हणाला, "दत्त्या, तू हितं कावून बसलाय बे? उद्या वर्गात ये."

"माझं नाव न्हाई तिथं."

"नाव नसंना. टाळक्यात तर शिरल!"

आठवड्याभरात सरांनी विचारलंच, "हा कोण?" सुमेध उभा राहिला. "सर, ह्याचा प्रवेश राहिलाय, पण शिकणं चालू हाय." सर हसले आणि दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसलो. मला न कळलेलं तो बाहेर चहावर समजावायचा. सर्व्हर म्हणजे काय, तर म्हणे, "लग्नातला वाढपी. सगळ्यांनी एकदम भात मागितला की तेबी गांगरतंय." माझी प्रोग्रॅमिंगची सगळी विद्या अशीच पंगतीत वाढलेली आहे.

त्याचं घर शिरूर कासारला. तिकडची कितीतरी कुटुंबं हंगामाला ऊस तोडायला जातात. मुकादम टोळी जमवून कारखान्यावर नेतो. कोणता मुकादम आजारपणात गाडी देतो आणि कोणता शिव्या, हे तिथं गेल्यावरच कळतं. सुमेधच्या डोक्यात आलं, असा एक फोन नंबर असावा की मजुरानं त्यावर आपला अनुभव बोलायचा आणि दुसऱ्यानं मुकादमाचं नाव सांगून तो ऐकायचा. वाचता येण्याचीही गरज नाही. यंत्रणा मी बांधली, माणसं त्यानं जोडली.

पण त्याचा एक हट्ट होता. आलेलं गाऱ्हाणं तो आहे तसं कधीच लावायचा नाही. फोन कानाशी धरून पूर्ण ऐकायचा आणि मग गावाचं नाव गाळून स्वतःच्या आवाजात बोलून भरायचा. बाईचं असो, म्हाताऱ्याचं असो. "आपल्याकडं माणूस खोकल्यावरून वळखतेत," म्हणायचा. "मी त्यायला शब्द दिलाय, आवाज बाहीर जाणार न्हाई." बोलणारी रडली असली तर हाही रडतच बोलायचा.

मी चेष्टा करायचो, "सुम्या, आज कुणाची सून झालास?"

"सकाळी सून व्हतो, आता सासू हाय. दोघींचंबी खरं हाय बे."

नंबर बघता बघता जिल्हाभर पसरला. एकटा माणूस किती बोलणार? गाऱ्हाणी तुंबली. त्याच वेळी पुण्याच्या लोकांनी आमच्या स्टार्टअपमध्ये पैसे घालायची तयारी दाखवली. त्यांच्या मॅडम रेकॉर्डिंग ऐकून म्हणाल्या, "सगळीकडे एकच आवाज? लोकांना बनावट वाटेल. खरे आवाज लावा, मग बघू."

मला ते पटलं, असं मी पुढं सांगत आलो. खरं म्हणजे मी घाबरलो. हे लोक परत गेले तर मी पुन्हा दुकानात स्क्रू पिळत बसणार, एवढंच दिसत होतं. सुमेध तेव्हा आष्टीकडं टोळ्यांना भेटायला गेलता. मी त्याला फोन केला नाही. खरे आवाज लावून टाकले.

नंबर दिवसभर वाजत राहिला. पुणेकरांनी होकार कळवला.

आणि शिरूरच्या कौसाबाईंच्या मुकादमानं त्यांचा आवाज ओळखला. उसाच्या फडात पोराला ताप भरला तरी मुकादमानं गाडी दिली नाही, असं त्या बोलल्या होत्या. प्रत्येक वाक्याला "माय गं" म्हणायची त्यांची सवय. पहिल्या "माय गं"लाच त्यानं ओळखलं असणार. त्यानं बाकीच्यांच्याही कानावर घातलं आणि त्या हंगामाला कौसाबाईंच्या टोळीला एकाही मुकादमानं नेलं नाही.

सुमेध परळीला आला, पण बसला नाही.

"तू लावलास?"

"सुम्या, पुण्याची माणसं म्हणत होती..."

"कौसामावशीला इचारलंस?"

मी त्याच्यापुढं खुर्ची सरकवली.

"मला न्हाई इचारलंस, चालतंय. तिला इचारायचं व्हतं."

तेव्हाही माफी मागता आली असती. मी म्हणालो, "तुझ्या एकट्याच्या नरड्यावर कंपनी किती दिवस चालली असती?"

"मग चालव," म्हणाला आणि गेला.

ते आवाज मी त्याच दिवशी काढले. टोळीला त्याचा काय उपयोग! पुढं आईनं टोळीच्या बायकांकडून ऐकलेलं सांगितलं, कौसाबाई चारचौघांत सुमेधला म्हणाल्या, "तूच इकलंस आमाला." माझं नाव घ्यायला त्याला कितीसा वेळ लागला असता? तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, मावशी." माझी चूकही त्यानं आपल्याच आवाजात सांगितली. मग सायकल काढून मुकादमांच्या दारोदार गेला, टोळीला घ्या म्हणून हात जोडत. कुणी उभं केलं नाही.

आता कंपनी बेंगळुरूत आहे. लोक मला सर म्हणतात, शिक्षण विचारलं की मी अजून विषय बदलतो. सुमेध फोन उचलत नाही. एकदाच उचलला. मी बोलायच्या आत म्हणाला, "जेवलास का?" मी हो म्हणालो. "बरं, ठिवतो."

टोळ्या निघायच्या दिवशी शिरूरला सगळं गाव ट्रकांपाशी जमतं. सुमेध, मी एखाद्या साली तिथं येईन. कौसाबाईंच्या समोर, सगळ्यांदेखत सांगीन की ते मी केलं, तू नाही. मला वर्गात बसवलंस त्याची उतराई एवढ्यानं होत नाही, हे कळतं. दोनदा तिकीट काढून रद्द केलंय. पण येईन.