कांताने चोर घेतला

कांता आमच्या चाळीतली, तिसऱ्या मजल्यावरची. तिच्याबद्दल सगळे एकच बोलतात, "गुणाची पोर." मला त्या शब्दाचा राग येतो. गुणाची म्हणजे काय, तर बापाचं सगळं करते आणि तोंड उघडत नाही.

बाप म्हणजे अप्पा. पोरवयात मिलला लागला. संपात शेवटपर्यंत आत गेला नाही, मग त्या मिलने घेतलाच नाही. दुसऱ्या मिलमध्ये बदली कामगार म्हणून घासला, तीही बंद पडली. कापूस छातीत बसला तो बसलाच. आता जिना उतरवत नाही. आई गेली. भाऊ लग्न करून वरळीला राहतो, सणाला मिठाईचा बॉक्स घेऊन येतो. कांताने कॉलेज सोडलं. मी शाळा सोडली ती कंटाळा आला म्हणून. तिचं तसं नव्हतं, तिला आवडायचं.

रविवारी दुपारी आम्ही चौघं खाली मंडळाच्या खोलीत गेम खेळतो. मी, कांता, नलू, आणि लवू खेळवतो. लवू एका कॅफेत कॉफी द्यायला आहे, जुन्या मिलच्या जागेवर झालंय ते. तिथली पोरं खेळतात ते बघून शिकला. बोर्ड नाही, पत्ते नाहीत. लवू गोष्ट सांगतो, राक्षस, गुहा, जंगल. आपण एक पात्र घ्यायचं, काय करणार ते बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर वाट लागली.

पात्र चुकलं की गेम बसला. लवूचं म्हणणं, टोळीत लढणारा पाहिजे, जादूवाला पाहिजे, आणि वैद्य तर पाहिजेच. वैद्य कोणाला मारत नाही. मागे उभा राहून पडलेल्यांना उठवतो. बोअर काम. आम्ही कोणी घ्यायचो नाही, कांता घ्यायची. दर वेळी. आणि भारी खेळायची, तिच्यामुळे आम्ही कधी मेलो नाही.

त्या रविवारी नवीन गोष्ट, म्हणून नवीन पात्रं. लवू बोलला, "कांता वैद्य, फिक्स."

"नाही," कांता बोलली. "मी चोर."

नलू फुटलीच हसून. "चोर? तू? शेजारच्या कुंडीतलं फूल तोडत नाहीस गं तू!"

"चोर कुठूनही निसटतो," कांता बोलली. ती हसत नव्हती.

लवू समजावायला लागला, "चोर भारीच आहे गं, पण वैद्य नसला तर गुहेत खलास व्हाल. टोळीचा विचार कर ना."

माझं टाळकं सरकलं. "टोळीचा विचार तिनेच करायचा काय? आठवडाभर वर तेच, खाली येऊन पण तेच? मी होतो वैद्य."

"तू तर जखमीला लाथ मारून उठवशील," लवू बोलला.

"उठला म्हणजे झालं ना?"

लवूचं खरं होतं. मी वैद्य असून सगळ्यात पुढे घुसलो आणि पहिला मीच पडलो. मग नलूची लढवय्यी पडली. कांताचा चोर तेवढा गुहेच्या तोंडाशी.

"दोर तुझ्याकडे आहे," लवू तिला बोलला. "आत हे दोघं मरतायत. परत येतेस?"

"ये ना गं!" नलू ओरडली.

कांता फासा मुठीत धरून बसली. माझ्याकडे बघितलं. मी बोललो, "नको येऊ. मेलो तर मेलो."

"मी जाते," ती बोलली.

"कुठे?"

"झोपायला जागा असेल तिथे. कोणी उठवणार नाही अशी."

लवू हळू बोलला, "आहे. जंगलापलीकडे आहे. फासा नको टाकूस."

नलू बडबडत निघून गेली. कांता भिंतीला टेकली ती तिथेच झोपली. थोड्या वेळाने तिच्या मोबाईलचा गजर वाजायला लागला, अप्पांना मशीनवर औषधाची वाफ द्यायची वेळ. मी तो बंद केला आणि वर गेलो.

अप्पा खाटेवर वाकून बसलेले, खांदे वरखाली.

"कांता खंय?"

"खाली. झोपलीय."

"मगे तू कित्याक इलंस?"

"मशीन लावायला."

"तुका जमाचा नाय. तिका हाक मार."

"नाही मारणार."

मास्क माझ्या हातात, औषध कुठे ओततात ते माहीत नाही. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी शिव्या दिल्या. दोन वेळा बोट खाली जिन्याकडे दाखवलं. माझी फाटली होती, पण मी हललो नाही. शेवटी त्यांनी मास्क ओढून घेतला, खालची डबी फिरवून उघडली आणि माझ्यापुढे धरली.

"हय," ते बोलले. "हय वत. सांडू नको."

मी ओतलं. अर्धं सांडलं.

"उद्या कोण?" त्यांनी विचारलं.

मी डबी फिरवून लावली, मास्क त्यांच्या तोंडावर धरला. मशीनचं बटण दाबलं.