तवंदी घाटातला एसी

वडिलांच्या जुन्या जीपला मी हट्टानं एसी बसवून घेतला. "इंजिनला झेपायचं न्हाय," आप्पा म्हणाले होते. बेळगावच्या मिस्त्रीनंही घाटात तो बंद ठेवायला बजावलं होतं.

निपाणीजवळ, तवंदी घाटात, भर उन्हात पुढं उसाचा ट्रॅक्टर रांगत होता आणि आमच्या इंजिनच्या तापमानाचा काटा हळूहळू लाल खुणेकडं सरकत होता. एसी बंद करायला माझा हात उठेना. केला असता तर आप्पांचंच खरं झालं असतं. काटा लालला टेकला. आप्पाही तिकडंच बघत होते. आता बोलणार, म्हणून मी दात आवळून बसले.

त्यांनी हात पुढं करून एसी बंद केला.

"मला थंडी वाजतीया गं."

त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.