मिसेस डॉयलच्या वर्गातली तंद्री

आम्ही चार नर्स मैत्रिणी जेवायला जमलो की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला तिचा आठवतो. माझे सगळे कॅनडातल्या विंडसरच्या कम्युनिटी कॉलेजातले, सत्तरच्या दशकातले. तेव्हा मी सदा तंद्रीत असायचे. खिडकीबाहेर बर्फ इतका सावकाश पडायचा की बघता बघता लेक्चर कुठल्या कुठे जायचं!

*

पहिल्या टर्मला पेशंट अंथरुणात असतानाच चादर बदलायला शिकवलं. माझी पेशंट झाली होती वर्गातली लिंडा. मी इतक्या हळुवारपणे चादर सरकवली, की लिंडाबाई चक्क झोपल्या! आता झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं? मी आपली शेजारी बसून बर्फ बघत राहिले.

आमच्या टीचर मिसेस डॉयल आल्या. "पेशंट कशी आहे?"

"एकदम छान. जरा हळू बोला ना!"

*

बँडेजची प्रॅक्टिस घरी, आमच्या ह्यांच्यावर. एका रविवारी ह्यांचं डोकं गुंडाळलं आणि सोडायचंच विसरले. हे तसेच बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायला लागले. ह्यांना अपघात झाला समजून समोरची म्हातारी घरी भाजलेला गोड चेरी-पाय घेऊन धावत आली.

पुढच्या रविवारी हे स्वतःच माझ्यासमोर येऊन बसले. "नलू, ह्या वेळी हातसुद्धा बांध!"

*

वॉर्डात एका आजोबांचा पाय पलंगाबाहेर लोंबत होता, त्याला माझा पाय लागला. माझा हात आपोआप त्यांच्या पायाला लागला आणि मग माझ्या छातीला.

दुसऱ्या दिवशी आजोबांचे दोन्ही पाय ब्लँकेटबाहेर! "नर्स, उजव्याला फार बरं वाटलं. आज डाव्याचंही बघ."

मिसेस डॉयल हसल्या नाहीत. "यू आर ड्रीमिंग अगेन! आणखी एक चूक झाली, तर कोर्स सोडावा लागेल."

मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. मला नर्स व्हायचंच होतं.

*

शेवटची परीक्षा तान्ह्या बाळाच्या आंघोळीची. बाळ रबराचं, टकलू. टेबलावर टब, जग, टॉवेल, कोमट पाणी. पद्धत तोंडपाठ होती. पण ती वाफ चेहऱ्यावर आली, आणि...

पुढचं आठवतं ते असं: मी जमिनीवर बसलेय, पाय लांब पसरलेत आणि पायांवर बाळ पालथं. मी जगने त्याच्या पाठीवर पाणी सोडतेय, "उगी, उगी" म्हणतेय. मग बाळाला उताणं केलं, चिमटीत धरून नाक सरळ केलं. शेवटचा जग ओवाळून टाकला, तो थेट मिसेस डॉयलच्या बुटांवर!

मी भानावर आले. संपलं सगळं.

मिसेस डॉयल खाली वाकल्या. त्यांनी बाळ माझ्या पायांवरून उचललं, छातीशी धरलं आणि टॉवेलने त्याचं टक्कल पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या.

"पास," त्या बाळाकडे बघत म्हणाल्या. "पण डोकं ओलं ठेवू नकोस गं. सर्दी होते त्याला."